दोरवाला आणि उत्तर न देणारा कोठावळा

फार पूर्वी, चिठ्ठी पोचवायलासुद्धा भरतीची वाट बघावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. एका खाडीच्या काठी दोर वळणाऱ्यांची आळी होती. नारळाची सोडणं चिखलात पुरायची, कुजली की काढून बडवायची, काथ्या सुटा करायचा आणि रहाटावर दोर वळायचे, हाच तिथल्या घराघरांतला उद्योग. या आळीचा म्होरक्या होता धाकू. दोर असा वळायचा की बघत राहावं. आणि बोलायचाही असा, की समोरच्याला तोंड उघडायला फट सापडू नये.

एका साली आळीवर वाईट वेळ आली. दरवर्षी दोर नेणारा व्यापारी धंदा आवरून दूरदेशी निघून गेला. वळलेले दोर घराघरांत पडून राहिले. चुली थंडावायला लागल्या. तेवढ्यात लांबच्या मिठागराचा मुकादम येऊन सांगून गेला, "नारळी पौर्णिमेला होडी घेऊन येतो. बायकापोरांसकट चला, सगळ्यांना काम देतो."

मिठागरावर गेलेली माणसं परत येत नाहीत, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोट कुणाचं ऐकतं? लोक धाकूला म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत मोठं गिऱ्हाईक आण. आणलंस तर राहू. नाहीतर आम्ही चाललो बाबा, आम्हाला बोल लावू नकोस."

खाडीच्या पलीकडे मोठं बंदर होतं. तिथल्या एका शेठची गलबतं पौर्णिमेला दर्यात सुटायची. गलबतांना लागणारे दोर, शिडं, नांगर, सगळं त्याची कोठी सांभाळणाऱ्या कोठावळ्याच्या हाती. धाकू डोक्याला चांगलं पागोटं बांधून त्याच्याकडे गेला, वावभर दोराचा नमुना पुढ्यात ठेवला आणि सुरू झाला. आमचा दोर असा, आमचा दोर तसा, आमच्या आजोबांच्या हाताला काय पीळ होता! कोठावळा ऐकत होता. मधेच एकदोनदा काहीतरी बोललाही. शेवटी म्हणाला, "बरं. ठेव नमुना. बघतो, कळवतो."

आता त्या किनाऱ्यावरचा रिवाज सांगायला हवा. दोर नको असेल तर गिऱ्हाईक नमुना परत पाठवायचं. ठेवून घेतला तर समजायचं की विचार चालू आहे. आणि विकणाऱ्यानं स्वतःहून नमुना परत मागितला, तर बोलणी मोडली. मग त्या हंगामात त्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

धाकू घरी आला तो उड्या मारतच. "झालंच समजा!" म्हणाला. आळीनं समजलंही.

भरती आली, ओहोटी गेली, कोठावळ्याचा निरोप काही येईना. धाकू जेमतेम लिहायवाचायला शिकला होता. त्यानं बोरू घेतला आणि चिठ्ठी लिहिली. चांगली लांबलचक. 'आमच्यासारखा दोर पंचक्रोशीत मिळायचा नाही' इथून सुरुवात आणि तिथेच शेवट. भरतीला पलीकडे जाणाऱ्या होडीवाल्याच्या हाती दिली.

उत्तर नाही.

मग दुसरी. 'मागची चिठ्ठी पोचली ना? पोचली असेल तर उत्तर का नाही?'

उत्तर नाही.

मग तिसरी लिहिली. ती वाचून दगडालाही पाझर फुटला असता. 'आमची लेकरंबाळं तुमच्या एका शब्दाकडे डोळे लावून बसलीत. आमच्यावर दया करा.' ही चिठ्ठी लिहिताना धाकूच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि नंतर त्याला स्वतःची लाजही वाटली. पण गेली ती गेली.

प्रत्येक भरतीला धाकू धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. होडी दिसायला लागली की तो होडीवाल्याच्या मानेकडे बघत राहायचा. होडीवाला लांबूनच मान हलवायचा, नाही रे बाबा. मग मागे वळून आळीत शिरणं त्याच्या जिवावर यायचं, कारण दारादारांतून डोळे त्याच्यावर रोखलेले असायचे. तोंडानं कुणी काही विचारत नसे. त्याचंच त्याला जास्त लागायचं.

पौर्णिमा अगदी तोंडावर आली. एका सकाळी धाकू दारात येतो तो काय, समोरच्या घरवाल्यानं आपला रहाट उपटून भिंतीला टेकवून ठेवलेला! धाकूचा राग उसळला. त्यानं तावातावानं चौथी चिठ्ठी खरडली. 'आमची किंमत नसेल तर नसू दे. आमचा नमुना या होडीनं परत पाठवा.' होडीवाल्याच्या पिशवीत ती टाकली आणि धुमसत घरी आला.

घरी त्याची थोरली बहीण सोडणं बडवत बसली होती. तिला सगळी आळी आक्का म्हणायची आणि सगळी आळी भ्यायचीही. "तोंड का असं?" तिनं विचारलं. धाकूनं सांगितलं, जरा फुशारकीनंच.

आक्काच्या हातातली बडवणी हातातच राहिली. "नमुना परत मागितलास? अरे मेल्या, त्यानं परत पाठवला नव्हता, म्हणजे नाही म्हटलं नव्हतं! त्याच्या वतीनं तूच नाही म्हणून मोकळा झालास?"

धाकू तसाच अनवाणी धक्क्याकडे पळाला. होडी सुटली होती. चांगली मध्यावर गेली होती. बांधलेल्या एका लहान डोंगीत त्यानं उडी टाकली आणि वल्हं मारायला लागला. भरतीचं पाणी त्याला उलटं ढकलत होतं. हात भरून आले, दम लागला, तरी होडीपर्यंतचं अंतर काही कमी होईना. पलीकडचा धक्का जवळ येत चालला. होडीवाला उतरला की पिशवी कोठीत, आणि मग खेळ खलास. "थांब! अरे थांब की!" धाकू ओरडत होता, पण वारा त्याचा आवाज मागेच नेत होता.

शेवटी होडीतल्या एका मासळीवालीनं मागे पाहिलं आणि होडीवाल्याचं धोतर ओढलं. होडी थांबली. धाकू धापा टाकत बाजूला आला. "माझी चिठ्ठी... दे परत."

होडीवाल्यानं पिशवीतून चिठ्ठी काढून दिली. "अरे शहाण्या," तो म्हणाला, "लिहायला तुला घटकाही लागत नाही, पण परत घ्यायला जीव काढलास की!"

होडीत हशा पिकला. धाकूला काही हसू आलं नाही. त्यानं ती चिठ्ठी तिथेच खाडीत फाडून टाकली.

परत आला तो ओट्यावर मटकन बसला. "आक्का, आता काय लिहू? सगळं लिहून झालं."

"तुझं सगळं लिहून झालं," आक्का म्हणाली. "त्याचं काय? तो माणूस तुला काय म्हणाला होता?"

"बघतो, कळवतो म्हणाला."

"त्याच्या आधी?"

खरं सांगायचं तर धाकूला आठवतच नव्हतं, कारण त्या वेळी तो स्वतःच बोलत होता. आक्कानं त्याला उठू दिलं नाही. कुठे बसला होतास, तो कुठे बसला होता, त्याच्या हातात काय होतं, एकेक विचारत राहिली. आणि मग धाकूला हळूहळू आठवलं. कोठावळ्याच्या हातात नांगराच्या दोराचं एक तुटकं टोक होतं. ते तो सारखं बोटांनी चाचपत होता. म्हणाला होता, "आमच्या बंदराच्या तोंडाशी एक कातळ आहे. नांगराचा दोर त्याला घासतो आणि नेमका तिथेच तुटतो. परवा पाण्यात उतरवलेलं पहिलंच गलबत सुटून खडकावर गेलं. शेठ माझ्यावर खवळलेत." आणि त्यावर धाकू काय म्हणाला होता? "आमचे आजोबा तर एका हातानं पीळ द्यायचे!"

"देवा रे!" धाकूनं कपाळावर हात मारून घेतला. "तो माणूस पाण्यात बुडत होता आणि मी त्याला आजोबांच्या गोष्टी सांगत होतो."

"मग आता तरी हात दे," आक्का म्हणाली. "आणि थोडक्यात लिही. त्याच्यामागे हजार कामं असतील."

धाकूनं कागद पुढे ओढला. पहिली ओळ लिहिली, 'आमचा दोर...' आणि खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. बाहेर माणसं भांडीकुंडी बांधत असल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजासरशी धाकूच्या मनात येई, की कोठावळ्याचे पायच धरावेत. पण आक्का समोर बसली होती. अखेर चिठ्ठी झाली ती एवढीच:

'तुम्ही म्हणाला होतात की नांगराचा दोर कातळाला घासून तुटतो. घासतो तेवढ्या जागी जुन्या शिडाचं कापड गुंडाळा आणि वरून काथ्यानं घट्ट आवळा. कोठीत आहे त्याच दोराला करता येईल. दोर कुणाचाही असो, टिकेल. मी येऊन बांधून दाखवू का? होडीवाल्याला नुसतं ये किंवा नको सांगितलंत तरी पुरे.'

"आणि आपला दोर घ्या, हे?" धाकूनं विचारलं.

"नमुना त्याच्या डोळ्यांसमोर आहे ना? मग झालं."

चिठ्ठी गेली. भरती आली, होडी आली, होडीवाल्यानं मान हलवली. काहीच नाही. धाकूचा जीव टांगणीला लागला. अजून एक लिहावी, आठवण करावी, निदान चिठ्ठी पोचली का विचारावं, असं त्याच्या हातांना सारखं वाटायचं. "हात लावशील बोरूला तर बघ!" आक्का दटावायची. त्या रात्री वारा पिसाटासारखा सुटला. आळीत कुणालाच झोप लागली नाही.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. मुकादमाची होडी धक्क्याला लागलेलीच होती. लोक गाठोडी आणून ठेवत होते. बायका रडत होत्या, पोरं होडीत बसायला मिळणार म्हणून नाचत होती. मुकादम घाई करत होता, "चला, चला! ओहोटी लागली की मी थांबणार नाही." समोरच्या घरवाल्यानं एक पाय होडीत टाकलासुद्धा. धाकूला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात पलीकडची होडी येताना दिसली. धाकूनं सवयीनं होडीवाल्याच्या मानेकडे पाहिलं. मान हलली नाही. होडीवाल्याच्या शेजारी कुणीतरी उभं होतं. होडी जवळ आली तशी ओळख पटली. खुद्द कोठावळा!

तो धक्क्यावर उतरला. डोळे तांबारलेले, कपडे खाऱ्या पाण्यानं भिजलेले. "धाकू दोरवाला कोण? हां, तूच रे तू! तुझी चिठ्ठी आली तशी मी दोन गलबतांच्या दोरांना कापड गुंडाळून घेतलं. बाकीच्यांचं करायला वेळ मिळाला नाही. काल रात्रीचा वारा ऐकलास ना? ज्यांचं केलं ती दोन जागच्या जागी उभी आहेत. बाकीच्यांचे दोर तुटले. नशीब, गाळात रुतली म्हणून वाचली. आज संध्याकाळी पूजा आहे आणि माझ्या कोठीत धड दोर उरला नाही. आहे तेवढा सगळा दे. आणि गुंडाळून बांधणारी माणसंही दे. हंगामभर लागतील."

समोरच्या घरवाल्यानं मुकादमाच्या होडीतला पाय हळूच बाहेर काढला. एका म्हातारीनं आपलं गाठोडं उचललं आणि घराकडे चालायला लागली. तिच्यामागून दुसरी निघाली. मुकादम ओरडत राहिला, पण त्याचं ऐकायला कोण थांबतंय!

धाकूचे डोळे भरून आले. तरीही त्याच्यानं विचारल्याशिवाय राहवलं नाही. "मालक, आधीच्या तीन चिठ्ठ्या पोचल्या नव्हत्या का?"

"पोचल्या. तिन्ही वाचल्या." कोठावळा थकल्यासारखा हसला. "रागावू नकोस. तिन्हींत तूच होतास, मी कुठेच नव्हतो. माझं एक गलबत खडकावर, शेठ डोक्यावर, आणि तू विचारतोस उत्तर का नाही! काय उत्तर देऊ, तेच सुचेना. नमुना परत पाठवायलाही मन होईना, कारण दोर चांगला होता. या चिठ्ठीला मात्र उत्तर द्यायला स्वतः आलो."

धाकूनं मान खाली घातली. मग कोठावळ्याला घरी नेलं, ओट्यावर बसवलं, आक्कानं गरम पेज आणून दिली. धाकू समोर बसला आणि म्हणाला, "सांगा मालक, कुठल्या गलबताला काय लागतं? पहिल्यापासून सांगा." आणि कोठावळ्याचं सगळं सांगून होईपर्यंत तो मधे एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी पलीकडच्या बंदरात नारळ पाण्यात पडले, तेव्हा आळीतली निम्मी माणसं त्या गलबतांवर दोर बांधत होती, आणि मिठागराची होडी रिकामीच परत गेली होती.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: गिऱ्हाइकाला पुन्हा चिठ्ठी लिहायची असेल तर ती आपल्या गरजेची नको, त्याच्या अडचणीची लिहावी, आणि तो गप्प आहे म्हणून त्याच्या वतीनं आपणच नाही म्हणू नये.