धुरपाचा धोंडा

खडपवाडीच्या वरच्या अंगाला, माळ संपतो तिथे, कमरेइतका उंच एक काळा धोंडा आहे. माथा मात्र तांबूस. पाहुणे त्याला शेंदूर समजून हात जोडतात. मग गावचे केरबातात्या काठी टेकवत सांगतात, "देव नाही तो. हात जोडायचेच तर धुरपाला जोडा."

धुरपा या वाडीची सून. फार पूर्वी राजाने समोरच्या डोंगरावर किल्ला बांधायला काढला आणि वाडीतले सगळे पुरुष वेठीला नेले, असे सांगतात. मागे राहिल्या बाया, पोरे आणि थकलेले मुळू पाटील. त्या पावसाळ्यात तापाची साथ आली. ताप उतरला, पण पोरांच्या अंगात त्राण उरले नाही. धुरपाची लेक चिमी भिंतीला धरून उभी राही आणि मटकन खाली बसे. अश्विन तोंडावर आला तरी शेतातली नाचणी हिरवीच होती आणि कणगीने तळ गाठला होता. छपरांवर मात्र लाल भोपळे लोळत होते, घागरीएवढे, पिकून तट्ट झालेले.

पण अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, घरधन्याच्या जिवावर बेतते, अशी रीत. घरधनी किल्ल्यावर दगड वाहत असताना कोण धजावणार?

धुरपा पाटलांकडे गेली. "आबा, एक चीर पाडून द्या. पुढचं मी बघते."

"आज अमावास्या, पोरी. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी घट बसले. "आता घट उठेस्तोवर मी सुरीला शिवत नाही," पाटील म्हणाले.

तरी ती रोज जाई आणि रोज हात हलवत परत येई. छपरावरचा एक भोपळा देठाकडून सडला, त्याचा ओघळ भिंतीवरून उतरला. तो पुसताना धुरपाला रडू आले नाही, मस्तकात तिडीक गेली. अन्न छपरावर सडतेय आणि त्याच छपराखाली पोर उपाशी! रीत माणसाला जगवायला असते म्हणतात. मग ही कुणाला जगवत होती?

खंडेनवमीला ती भोपळा कडेवर घेऊनच गेली. पाटलांनी विळी, कोयता, सुरी सगळे पाटावर मांडून फुले वाहिली होती.

"आज तर लोखंडच पूजेला बसलंय," ते म्हणाले. "आज कापलं तर दुप्पट पाप."

"म्हणजे कापायचं नाही."

"नाहीच."

"बरं," धुरपा म्हणाली आणि तडक माळ चढू लागली. तिचा अवतार बघून वाडीतल्या बाया मागोमाग निघाल्या. तिने भोपळा डोक्यावर उचलला आणि धोंड्यावर आपटला. तो उसळून गवतात गेला.

"धुरपे, धोंडा फुटंल आधी!" मागून कुणीतरी फिसकन हसले.

दातओठ खात तिने तो पुन्हा आपटला, आणि पुन्हा. शेवटी फाटकन आवाज झाला आणि केशरी गर धोंडाभर पसरला.

पाटील धापा टाकत आले. "अगं, हे पाप कुणाच्या माथी?"

"धोंड्याच्या. मी कुठं कापला? त्यानं फोडला."

तोवर बाया आपापले भोपळे आणायला पळाल्याही होत्या. त्या दिवशी घरोघर मेथीदाण्याची फोडणी बसली, भोपळा मऊ शिजवून उरल्यासुरल्या नाचणीच्या पिठात घोटला गेला, बिया तव्यावर तडतडल्या. चिमीने वाटी चाटूनपुसून पुढे केली. रोज तेच खाऊन दिवाळीपर्यंत ती अंगणात पळू लागली. पुरुष किल्ल्यावरून परतले तेव्हा धुरपाचा नवरा चांगला धडधाकट होता. त्याच्याकडे बघून बाया एकमेकींना कोपर मारत होत्या, म्हणे.

धोंड्याचा माथा तेव्हापासून तांबूस झाला तो झालाच. आजही खंडेनवमीला खडपवाडीच्या बाया भोपळे घेऊन माळावर जातात. पुरुषांना मज्जाव नाही. पण एखादा मदतीला पुढे झालाच, तर भोपळा पाठीशी धरून त्या विचारतात, "आबा, आज चालतंय ना तुम्हांला?"