केरबा गुळव्याचं नाक

त्या दिवशी सकाळी नदीकाठी धुकं असं बसलं होतं, की गुऱ्हाळाचा धूर वर जातोय की खाली येतोय तेच कळत नव्हतं. थंडी बोटांच्या पेरांत शिरत होती.

"बाबा, गेलेलं नाक परत येतं का?"

केरबानं हे विचारलं, तेव्हा दस्तगीरबाबा पिराचा ओटा झाडत होते. पिराचं ठाणं आणि गुऱ्हाळ, मध्ये एक बुटकी भिंत. वीस वर्षांचा शेजार. पण केरबा भिंत ओलांडून काही मागायला आला, तो आजच.

"जाग्यावर तर दिसतंय," बाबा म्हणाले.

"चेष्टा नको. दिवाळीत ताप आला, तवापासनं कसला म्हणून वास येत न्हाई. घरात बी सांगितलं न्हाई."

केरबा गुळव्या. काहिलीतल्या उकळत्या रसाचा गूळ कधी झाला, काहील चुलाणावरून कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. बाकीचे गुळवे पाक गार पाण्यात टाकतात, त्याची गोळी वळतात, बोटांनी चाचपतात. केरबा नुसते डोळे मिटायचा, वाफ हुंगायचा आणि म्हणायचा, "उतरा." गोळी वळणाऱ्यांना हसायचा. म्हणायचा, "नाक नसलेल्यांचं काम हाय ते."

परवा हंगामातली त्याची पहिलीच काहील करपली. मालक श्यामगोंडा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, आज बघू, नाही जमलं तर उद्या दुसरा गुळवा आणू.

"अंगारा द्या. ताईत द्या. काय बी द्या."

बाबांनी केरसुणी ठेवली. लोबानाची डबी उघडून त्याच्या नाकाशी धरली.

"काय आहे?"

"काय न्हाई."

"बरं." बाबांनी डबी मिटली. "आता डोळे मीट. गूळ होताना वास कसा येतो, ते मला सांग. एवढी वर्षं शेजारी राहिलो, पण कधी नीट हुंगला नाही."

केरबाला राग आला. तरी त्यानं डोळे मिटले.

"आधी कच्चा रस. कापलेल्या गवतागत... मग मळी निघती, तवा जरा मातकट. मग वाफ जड हुती. भाजक्या शेंगांवानी. आन् मग... कसं सांगू... तान्ह्या पोराची टाळू तेलानं भरल्यावर येतो न्हवं, तसा. गोड, कोमट..."

तो थांबला.

बाबांनी खांद्यावरचा रुमाल पुढं केला.

"तोंड पूस."

केरबानं ओठांवरून हात फिरवला. लाळ हनुवटीपर्यंत आली होती.

"डबीतलं नाकाला कळलं नाही," बाबा म्हणाले. "इथं तर डबीही नव्हती. मग पाणी कुणाच्या तोंडाला सुटलं?"

केरबानं रुमाल घेऊन हनुवटी पुसली.

"पण आजच्या काहिलीचं काय करू?"

"कानात बोळे घातलेत का?"

"न्हाई."

"हाताला फोड?"

"न्हाई."

"मग जा. रस तापला असेल."

केरबानं गुऱ्हाळात येऊन गार पाण्याची पातेली मागितली. चुलाणात चिपाडं सारणारा नागू थांबलाच.

"काय गा मामा, नाक सासरी गेलं व्हय?"

"माहेरी गेलंय. यील चार दिवसांनी. तू जाळ कमी कर."

मग तो काहिलीपाशी उकिडवा बसला. आधी बुडबुडे फसफसत होते. मग ते जडावले, एकेक करून फुटू लागले. फट... फट... वीस वर्षं हा आवाज शेजारी होता, पण त्यानं कधी कान दिला नव्हता. पाक पाण्यात सोडून त्यानं गोळी वळली. मऊ. जरा दम खाल्ला. दुसरी, तीही मऊच. तिसरी गोळी काहिलीच्या काठावर आपटली, तशी टण्ण वाजली.

"उतरा."

दुपारी श्यामगोंडांनी ढेपेचा कोपरा मोडून तोंडात टाकला. दुसऱ्या काहिलीत रस सोडायला सांगून निघून गेले.

केरबा गुळाचा खडा घेऊन भिंतीपाशी आला.

"वास?" बाबांनी विचारलं.

"न्हाई."

"उद्या सकाळी हुंग. हुंगताना, मला सांगितलंस ते सगळं मनात म्हणायचं. गवतापासून टाळूपर्यंत."

केरबा रोज सकाळी खडा हुंगू लागला. गवत, माती, शेंगा, टाळू. काही नाही. परत दुसऱ्या दिवशी. काहिली उतरत होत्या, गूळ चांगला पडत होता, पण नाक मुकंच. संक्रांत झाली.

मग एक दिवस तो तणतणत आला. खडा हातभर लांब धरलेला.

"तुमचं ऐकलं आन् उलटंच झालं, बाबा. याला जळक्या टायरचा वास मारतोय. काल काय नव्हतं ते बरं होतं. गूळ हाय हा. वीस वर्षं ह्या हातानं केलाय. आन् टायर?"

बाबांनी खडा घेतला, हुंगला. गुळाचाच वास होता. त्यांनी तो परत केरबाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

"वास वाट चुकलाय, केरबा. पण घरी यायला निघालाय. उद्या परत हुंग."