बोलणारी कणगी

एका गावात एक कणगी बोलायची.

कणगी म्हणजे तुरीच्या काड्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाएवढी उंच धान्याची टोपली. त्या गावात ती घरोघरी होती. तोंड लिंपताना प्रत्येक जण वर बोटभर भोक ठेवी, का तर आतल्या लक्ष्मीचा श्वास कोंडू नये. भोक ठेवायला विसरणाऱ्या सुनेला आळीभर बायका नावं ठेवत.

बोलायची ती तुळोजीची कणगी. सुगी संपल्यावर त्याच्या बायकोने, येसूने, ती स्वतःच्या हाताने लिंपली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती वारली. ऊन तापू लागलं तसा कणगीतून बारीक आवाज येऊ लागला, कुजबुजल्यासारखा. भर दुपारी गाव सुस्तावलं की तो स्पष्ट ऐकू येई. तुळोजीने कान लावला आणि त्याच्या अंगावर काटा आला. मग डोळे भरून आले. येसू जन्मभर अशीच हळू बोलत आली होती.

तेव्हापासून तो रोज दुपारी कणगीला टेकून बसू लागला. कणगीची भिंत हाताला कोमट लागे. त्याला ती मायेची ऊब वाटली. भोकाभोवती पिठासारखी भुकटी जमे. तुळोजीने ती कपाळाला लावली. हळूहळू लोक येऊ लागले. हरवलेली गाय कुठे असेल, मुलीचं लग्न जमेल का, असं विचारू लागले. तुळोजी कान लावून उत्तर सांगे आणि अंगारा म्हणून चिमूटभर भुकटी देई. एकदोन उत्तरं खरीही निघाली. मग काय विचारता! भर उन्हात अंगणात माणसं चुपचाप बसून राहत आणि आतून कुजबुज चालू असे.

घरात त्याची सून हौसा होती. तिने ती भुकटी बोटांत चोळली, नाकाशी नेली. कुबट वास आला. ती सासऱ्याला म्हणाली की जोंधळ्याला कीड लागली आहे, वर्षाची भाकर आणि पेरणीचं बी त्यातच आहे, वेळेवर काहीतरी करू या. तुळोजी संतापला. तुझी सासू बोलते आहे आणि तुला किडे दिसतात, असं म्हणून त्याने पाठ फिरवली.

हौसा भांडली नाही. तिने फक्त कणगीतला अर्धा जोंधळा, बुडाच्या तोंडातून काढून, मागितला. माझ्या हवाली करा आणि मी सांगेन तोवर हात लावू नका, एवढाच शब्द घेतला. माहेरहून आणलेली दुभती शेळी देऊन तिने पत्र्याची कोठी आणली. झाकणाला रबरी कड होती, वारा आत जायला जागा नव्हती. दूध सोडून डबा घेतला म्हणून गाव पोटभर हसलं. हौसाने जोंधळा दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवला, कोठी काठोकाठ भरली आणि झाकण आवळून टाकलं.

आता दोन आवाज झाले. कणगीत कुजबुज आणि कोठीत खरखर. पत्र्यामुळे ती मोठी वाटे. आतून कोणी नखांनी ओरबाडतंय, असं तुळोजीला वाटू लागलं. काही दिवसांनी ती मंद झाली. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. तुळोजीला घास जाईना. एका दुपारी तो घामाने निथळत कोठीपाशी गेला आणि त्याने झाकणाला हात घातला.

"हौसा, आत कुनीतरी गुदमरतंय."

हौसा पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिने त्याचा हात धरला नाही.

"व्हय मामंजी, गुदमरतंय. पर ते आपलं न्हाई."

तुळोजीचा हात झाकणावरच राहिला. त्याला सुनेचं पटलं नव्हतं. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी कोठी गप्प झाली. घरात पुन्हा कोणी गेल्यासारखा तुळोजी उपाशी बसून राहिला.

पेरणी जवळ आली. बी येसूच्याच कणगीतलं पेरायचं, असं म्हणून त्याने वरचं लिंपण फोडलं. वरून जोंधळा दिसत होता. त्याने हात घातला आणि हात सरळ खांद्यापर्यंत आत गेला. दाण्यांचा भार असा लागलाच नाही. आत तापलेलं होतं आणि काहीतरी हलत होतं. ते त्याच्या हातावरून चढलं, बाहीत शिरलं, मानेवरून कानापर्यंत आलं. आता कुजबुज अगदी कानात होती. त्यात शब्द नव्हते. नुसतं खाणं चाललं होतं.

त्याने मूठ बाहेर काढली. दाण्यादाण्याला भोक. सगळी टरफलं.

हौसाने कोठी उघडली. कसलाही आवाज आला नाही. वर मेलेल्या सोंडकिड्यांचा पातळ काळा थर होता, कोरडा आणि निश्चल. तो काढल्यावर खाली थंडगार जोंधळा लागला. तुळोजीने एक दाणा दाताखाली धरला. तो कटकन फुटला, तसा म्हातारा तिथेच खाली बसून रडला.

"येसूला धरून ठिवायला गेलो," तो म्हणाला, "आन् तुमच्या ताटातलं किड्यांना चारलं."

त्या दिवशी दुपारी लोक नेहमीसारखे आपले प्रश्न घेऊन आले. तुळोजीने कोणालाच उत्तर सांगितलं नाही. प्रत्येकाच्या हातावर मूठभर टरफलं ठेवली आणि म्हणाला, "ह्ये बोलत हुतं."

लोक उठले. वाटेत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. प्रत्येक जण आपापल्या घरी गेला, दार लोटून घेतलं आणि कणगीला कान लावला.

घरोघरी कणगी बोलत होती.

तात्पर्य: धान्याच्या कोठीचं तोंड गच्च बंद करायला जो आज खर्च करत नाही, तो वर्षभर किड्यांना जेवू घालतो, आणि कानाला गोड लागणारा आवाज आपलं काय खातो आहे, हे वेळेवर आत हात घालून पाहावं.