भोपळ्याच्या वेलीने मारलेली गाठ

बाल्कन्यांना डासांच्या जाळ्या नुकत्याच लागू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. नवव्या मजल्यावर, रंगाच्या जुन्या डब्यात भोपळ्याची वेल वाढत होती. तिला पहिलं फूल आलं आणि जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून एक मधमाशी आत शिरली.

"माझे पराग चोरतेस होय गं?" वेल कडाडली. पानं झटकून तिने माशीला हुसकलं आणि आधाराला गुंडाळायच्या आपल्या कोवळ्या, कुरळ्या ताण्यांनी तो कोपरा आवळून टाकला.

पुढे फुलं खूप आली. बोराएवढे भोपळे धरायचे, पिवळे पडायचे, गळायचे. या फुलाचे पराग त्या फुलाला पोचवणारं कुणी उरलंच नव्हतं. वेलीला हे उमगलं, तेव्हा शेवटची दोन फुलं उमलली होती. जाळीबाहेर मधमाशी गुणगुणत होती.

"जाळीताई, येऊ दे गं तिला!"

"मी कशी सोडवू, बाई?" जाळी म्हणाली. "ताणे वाळून तारेसारखे झालेत. आणि गाठ तुझीच आहे."