अध्यक्षांच्या मांडीवरची ढोलकी

हरिबा सोंगाड्या नुसतं 'राम राम' म्हणाला तरी लोकांना त्यात दुसरा अर्थ सापडायचा, असा तो बहाद्दर! आमच्या जत्रेत त्याचा तमाशा रंगात आला, तोच जत्रा कमिटीचे अध्यक्ष विश्वासराव खुर्चीतून गरजले, "बायामाणसं बसलीत. दुहेरी अर्थाचा एक शब्द जरी निघाला तर खेळ बंद!"

बतावणीतून कोट्या काढल्या तर उरतं काय? फडातल्या सगळ्यांचे चेहरे पडले. हरिबा मात्र खाली उतरला आणि त्यानं ढोलकी अदबीनं अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली.

"सरकार, आम्ही अडाणी, आम्हाला एकच अर्थ कळतो. तुम्ही जाणते. दुसरा अर्थ दिसला की थाप मारा, खेळ तिथंच बंद. फक्त तो अर्थ वहिनीसाहेबांना ऐकू जाईल असा मोठ्यानं सांगा."

वहिनीसाहेब पुढच्याच रांगेत होत्या.

बतावणी सुरू झाली. मांडव हसून हसून लोळत होता. अध्यक्षांचा हात कितीदा तरी वर गेला आणि दर वेळी मिशीवरून फिरून खाली आला.

शेवटी हरिबानं ढोलकी परत घेतली, गावाला हात जोडले.

"बघा मंडळी, एकही थाप नाही! आमचा खेळ सोवळा आहे, याला खुद्द अध्यक्ष साक्षी!"