लेकीच्या घरचा करंट

एका गावात एक भोळा जावई राहत होता. नाव केरबा. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे आणि ऐकलेलं कधी विसरत नसे. त्याचे सगळे घोटाळे त्यातूनच झाले. विसराळू असता तर सुखी झाला असता.

त्याची बायको मंजुळा चांगली हुशार. असल्या बाईने याच्याशी संसार कसा केला, असं लोक विचारायचे. मंजुळा म्हणायची, "पीत न्हाई, मारत न्हाई, सांगितलेलं ऐकतोय. तुमच्या घरात हाय का असला एखादा?" मग लोक पावसापाण्याचं बोलायला लागायचे.

मंजुळाच्या वडिलांना मात्र हा जावई पटत नव्हता. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. केरबा रिवाजाप्रमाणे मामा म्हणायचा. तात्यांची सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली होती. खांबावरून माणसं लहान दिसतात. खाली उतरल्यावरही तात्यांची ती सवय गेली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली. आत पलंग, शेगडी, फ्रीज आणि एसी बसवला आणि तिची घरगाडी केली. हौस म्हणून नव्हे. तात्या रिवाजाचे पक्के होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि तिच्या छपराखाली निजायचं नाही. मग लेकीला भेटायचं कसं? तर गोगलगायीसारखं आपलं घर आपणच घेऊन जायचं. पाण्याची टाकी गाडीतच होती. फक्त एसी आणि फ्रीजला बाहेरून वीज लागायची.

"लेकीच्या घरची वीज चालती का, तात्या?" मंजुळाने फोनवर विचारलं.

"चालती. शास्त्रात पानी लिहिलंय. करंट लिहिलेला न्हाई."

केरबा शेजारीच उभा होता. पाणी चालत नाही, करंट चालतो. त्याने हे पक्कं ध्यानात ठेवलं.

मग तात्यांनी अट घातली. "पंधरा दिवसांनी येतो. माझ्या गाडीसाठी भाईरच्या भिंतीवर प्लग पायजे. नियमानं बसवलेला, धोका नसलेला. जावईबापूंनी एवढं एक काम धड केलं, तर लेक सुखात हाय म्हनीन. न्हाई केलं, तर मंजे, तुला गाडीत घालून माघारी नेतो."

मंजुळाला जायचं नव्हतं. ती गेली तर आपण जगायचं कसं, हे केरबाला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तो फारच घाबरला. "तू काळजी करू नगंस," तो म्हणाला. "समदं मी करतो." तेव्हापासून मंजुळा काळजी करायला लागली.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. "जावईबापू, घरावर लोड किती हाय ते बघून ठेवा."

केरबा शिडी लावून कौलांवर चढला. घरावर एकही लोड नव्हता. मग त्याने माळा शोधला. तिथे लग्नातले दोन लोड निघाले, बैठकीत टेकायचे.

"मामा, दोन हाईत. त्यातला एक उसवलाय."

जावयाला अरे-तुरे करायचं नाही, हाही रिवाजच. त्यामुळे तात्या शिव्यासुद्धा मान देऊन द्यायचे.

"जावईबापू, आपण गाढव आहात. लोड म्हंजी टेकायचा न्हवं. जे जे वीज खातं, त्याचा लोड. दारात काहीबी नवीन आलं की आधी इचारायचं, ह्ये खातं किती!"

"बरं, मामा. आता असंच करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाने बोलावलेला इस्माईलचाचा आला. चाचा लायसनवाला वायरमन होता. पाच गावांच्या विहिरींवरच्या मोटारी त्याने बसवलेल्या. केरबा त्याच्यापुढे दारात आडवा उभा राहिला.

"चाचा, तुमी खाता किती?"

चाचा पाच गावांची लग्नं जेवला होता. असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने सायकल वळवली आणि आल्या वाटेने निघाला. मंजुळाने ओढ्यापर्यंत पळत जाऊन त्याला माघारी आणलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अवं, दारात नवीन कुनी आलं तर आधी बसवायचं. मग पानी द्यायचं. मग बोलायचं."

"बरं. आता असंच करतो."

दोन दिवसांनी चाचाने तालुक्याहून प्लगची पेटी पाठवली. चांगली जाडजूड, वर मेन स्विच, खाली झाकणाचा मोठा प्लग. एसटीचा कंडक्टर ती केरबाच्या हातात देऊन गेला. दारात नवीन आलेलं. केरबाने पाट मांडला. पेटीला पाटावर बसवलं. पाहुण्याला त्रास नको म्हणून झाकण स्वतः उघडलं आणि तांब्याभर पाणी आत दिलं. मग समोर मांडी घालून म्हणाला, "हां, बोला."

पेटी बोलली नाही. चाचा मात्र पुष्कळ बोलला.

"केरबा, पानी आनि वीज म्हंजी दोन सवती! एका जाग्याला आल्या की घरातला मानूस मरतो. इजेच्या वस्तूला पान्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई. झाकून ठेवायची, कोरडी ठेवायची. कळलं?"

"कळलं, चाचा. आता असंच करतो."

चाचाने दुसरी पेटी आणली. घरातून तिच्यासाठी वेगळी जाड वायर ओढली आणि बाहेरच्या भिंतीवर, पावसाचं पाणी येणार नाही अशा जागी, ती बसवली. मग भिंतीलगत खड्डा काढून त्यात अर्थिंगची पट्टी पुरली, वर मीठ आणि कोळसा घातला. "पोरी, हितं रोज घागरभर पानी ओतायचं," असं त्याने मंजुळाला सांगितलं. केरबाला मुद्दाम सांगितलं नाही. चाचाही आता शहाणा झाला होता.

पण केरबाने विचारलंच. "खड्डा कशाचा?"

"इजेचा," चाचा म्हणाला आणि गेला.

मंजुळा सकाळी घागर ओतायची आणि रानात जायची. बायको विजेच्या खड्ड्यात पाणी ओततेय, हे बघून केरबाला धडकी भरायची. तो मागून यायचा, वाटीने पाणी उपसायचा, उरलेलं फडक्याने टिपायचा आणि खड्ड्यावर छत्री उघडून ठेवायचा. आठ दिवस दोघांनी मन लावून काम केलं.

आठव्या दिवशी चाचाने अर्थिंग तपासलं. तपासायचा दिवा लागेना. मग त्याला छत्री दिसली. त्याने केरबाला भिंतीशी बसवलं.

"आरं, अर्थिंगला पानी लागतंय! तुझ्या सासऱ्याची गाडी पत्र्याची. अर्थिंग न्हाई आनि आत वायर उघडी पडली, तर गाडीच्या दाराला हात लावील तो तितंच चिकटंल. नुसता थरथरंल. त्वांडातनं आवाज निघायचा न्हाई."

केरबाचा चेहरा उतरला. "मग त्याला वढून काढायचा?"

"न्हाई! वढनाराबी चिकटतो. आधी मेन पाडायचा. तरीबी सुटला न्हाई, तर कोरडं लाकूड घ्यायचं आनि त्याला बाजूला ढकलायचा. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

"मग आत्ता करून दाव. तो मेन पाड."

केरबाने कोपऱ्यातली काठी उचलली आणि दोन तडाख्यांत पेटी भिंतीवरून खाली घातली. निळी ठिणगी उडाली. काठी कोरडी होती म्हणून माणूस राहिला.

"पाडला," केरबा म्हणाला.

"खटका, गाढवा! खटका खाली वढायचा, त्याला मेन पाडनं म्हंत्यात! सबंद पेटी कोन पाडतंय?"

चाचाने पेटी पुन्हा बसवली. वर एक बारका स्विच जोडला. "लोड जास्त झाला की ह्यो आपोआप पडतो," असं म्हणाला आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. केरबा माळ्यावर जाऊन दोन लोडांतला चांगला लोड घेऊन आला आणि पेटीच्या खाली जमिनीवर ठेवला. पडला तर मऊ पडावा. चाचाने लोड पाहिला, केरबाला पाहिलं आणि सायकल काढली. त्याला अजून जगायचं होतं.

तात्या ठरल्या दिवशी आले. लेकीला न्यायचंच, अशा तयारीने आले होते. गाडीतला एक पलंग तिच्यासाठी मोकळा ठेवला होता. टेस्टर, मीटर, चष्मा, सगळं काढून त्यांनी पेटी तपासली. वायर तपासली. खड्डा तपासला, मंजुळाने तेव्हापासून राखण करून तो ओला ठेवला होता. मग त्यांना लोड दिसला.

"ह्ये काय?"

"लोड," केरबा म्हणाला.

तात्यांनी तेवढं गिळलं. गाडीची वायर प्लगला लावली. एसी गार वारा टाकू लागला. फ्रीज घुमू लागला. पत्र्याला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. कुठे म्हणता कुठे खोट नव्हती. तात्यांचा चेहरा पडला. पण ते जन्मभर विजेत राहिलेले. जावयाशी खोटं बोलले असते, मीटरशी बोलले नसते.

"काम पक्कं हाय," ते म्हणाले. "मंजे, तू ऱ्हा हितंच."

मंजुळाने पंधरा दिवस दाबून ठेवलेला हुंदका फुटला. तिने वडिलांना मिठी मारली. तात्यांनाही भरून आलं. गाडीच्या दाराला एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने लेकीला जवळ घेऊन ते उभे राहिले. दोघेही थरथरत होते. कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

केरबाने पाहिलं. दाराला हात. चिकटलेत. थरथरताहेत. आवाज नाही.

तो घाबरला, पण चुकला नाही. त्याने दोघांना ओढलं नाही. आधी पेटीकडे धावला आणि खटका खाली ओढून मेन पाडला. अगदी चाचाने सांगितला तसा. एसी बंद पडला. तरी दोघं सुटेनात. मग त्याने कुदळीचा दांडा काढून घेतला, कोरडा आहे ना ते गालाला लावून पाहिलं आणि तात्यांच्या कमरेत घातला.

तात्या बाजूला झाले. थेट जमिनीवर.

"सुटलं! मामा सुटलं!" केरबा आनंदाने ओरडला.

तात्या उताणे पडले होते. ओठ सुकले होते. "पानी..." ते कसेबसे म्हणाले.

मंजुळा घरात धावली आणि तांब्या घेऊन आली. केरबाने तिला वाटेत अडवलं. "ए मंजे, येडी का खुळी? त्यास्नी आपल्या घरचं पानी चालत न्हाई." मग तो तात्यांच्या कानाशी वाकला आणि मायेने म्हणाला, "मामा, पानी कसं द्यायचं? करंट देऊ का?"

आणि मेन चालू करायला तो पेटीकडे निघाला.

तात्यांना उठता येत नव्हतं, ते उठले. गाडीत चढले. लेक मागे राहिली, निरोपाचा रिवाज मागे राहिला, चष्मा खड्ड्यात राहिला. त्यांनी गाडी सुरू केली आणि सोडली. वायर अजून प्लगमध्येच होती. ती ताणली, आणखी ताणली आणि मग सबंध पेटी चार विटांसकट भिंतीवरून निघाली आणि नेमकी लोडावर पडली. पेटीला ओरखडासुद्धा आला नाही. घरातला फ्यूज उडाला. गाडी मागे वायर फरफटत ओढ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

मंजुळा हातात तांब्या धरून उभी होती. आता तिला न्यायला कुणी येणार नव्हतं. तांब्यातलं पाणी तिने स्वतःच पिऊन टाकलं.

केरबा खाली पडलेल्या पेटीकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा खुलला.

"बघितलंस, मंजे? चाचा उगंच मला वराडला. मामा जलमभर इजेत काम केलेलं मानूस. त्येंनीबी मेन असाच पाडला!"