पत्र्याचे दुसरे टोक

खाडीच्या काठी कातळवेळ नावाचे गाव आहे. श्रीनिवांतगिरी महाराज उतारवयात तिथे येऊन राहिले. महाराजांना मठाची हौस नव्हती. घरच्यांनी टाकलेल्या आजारी माणसांसाठी त्यांनी एक कौलारू धर्मशाळा उभी करवली होती, आणि तिच्याच एका कोपऱ्यात त्यांचे घोंगडे पसरलेले असे.

धर्मशाळेची दोन दालने काटकोनात होती. दोन्हींची छपरे जिथे एकमेकांना मिळत, तिथे वरपासून खालपर्यंत एक घळ झाली होती. दोन्हीकडचे पाणी त्या घळीतूनच धावे. तिथला जुना पत्रा कुजला आणि श्रावणभर आजाऱ्यांच्या अंथरुणांवर पाणी गळत राहिले. छप्पर बांधणारे त्रिंबक मेस्त्री 'दिवाळीनंतर बघू' म्हणून टाळत होते.

एक दिवस धाकू तांबट महाराजांपुढे आला. म्हणाला, "महाराज, माझ्या घरी तांब्याचा पत्रा पडून आहे. ती घळ मी मढवून देतो."

मोठ्या तापातून उठल्यापासून धाकूचे हात कापत असत. त्याच्याकडे आता कोणी भांडेही घडवायला देत नसे. तिथेच उभे असलेले मेस्त्री मोठ्याने हसले.

"अरे धाकू, पाण्याचा पेला तुझ्या तोंडापर्यंत धड पोचत नाही, आणि तू छपरावर चढणार? महाराज, याला वर पाठवायचं तर आधी खाली याचं अंथरूण घालून ठेवा!"

लोकही हसले. धाकूने मान खाली घातली. महाराजांनी मात्र त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि शांतपणे म्हणाले, "धाकोबा, उघडीप मिळाली की कामाला लागा."

भाद्रपदात ऊन पडले. धाकू वर चढला. कुजका पत्रा काढून त्याने खालून काम सुरू केले. आधी खालचा तुकडा, मग त्याच्यावर चढवून वरचा, म्हणजे पाण्याला आत शिरायला वाट नको. दोन्ही कडा उभ्या दुमडून कौलांखाली सरकवायच्या आणि खिळे फक्त कडेला मारायचे. हातोडी कितीदा तरी बोटांवर बसली. घाव चुकला की धाकू महाराजांचे नाव घेई आणि पुन्हा मारी.

आढ्याजवळचा शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता, आणि दुपारीच आभाळ भरून आले. वारा सुटला. धाकूच्या हातातला पत्रा शिडासारखा फडफडू लागला. त्या उघड्या भागाखाली तापाने फणफणलेली एक ओली बाळंतीण लेकराला कुशीत घेऊन निजली होती. तिला हलवावे तर दुसरीकडे तसूभर जागा नव्हती.

"सोड तो पत्रा! मरशील!" खालून, दालनाच्या दारातून मेस्त्री ओरडले.

धाकूने एक टोक छातीखाली दाबून धरले. दुसरे काही केल्या आवरेना. तो कळवळून म्हणाला, "महाराज, एवढं दुसरं टोक धरा हो!"

आणि काय आश्चर्य! पत्रा एकदम स्थिर झाला. पावसाच्या धारांतून धाकूला पलीकडची कड घट्ट धरलेले दोन हात दिसले. मेस्त्रीच वर आले, असे त्याला वाटले. "तसंच धरा, मेस्त्री!" म्हणत त्याने कडा दुमडल्या आणि खिळे ठोकले. घळीतून पाण्याचा लोट धडधडत खाली गेला. आत मग एक थेंबही पडला नाही.

भिजलेला धाकू खाली उतरला आणि मेस्त्रींसमोर हात जोडून उभा राहिला. "तुम्ही पत्रा धरलात म्हणून झालं. उपकार झाले तुमचे."

"मी?" मेस्त्री चपापले. "मी तर इथून हललोच नाही."

मग त्यांची नजर महाराजांकडे वळली. महाराज सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांदेखत बाळंतिणीच्या उशाशी डोळे मिटून बसले होते. आता त्यांच्या दोन्ही तळहातांवर पत्र्याच्या धारेने कापल्यासारखी सरळ चीर पडली होती, आणि तिच्यातून रक्त ठिबकत होते.

मेस्त्री पुढे झाले. "महाराज, वर तुम्ही होतात?"

महाराज म्हणाले, "धाकोबांनी आपलं टोक सोडलं नाही, मेस्त्री. मग दुसरं कुणीतरी धरायला नको?"

त्रिंबक मेस्त्रींनी डोक्यावरचे पागोटे उतरवले, ओल्या जमिनीवर गुडघे टेकले आणि महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले. उठले ते धाकूकडे वळले, आणि तो नको नको म्हणत असतानाच त्यांनी त्याचेही पाय धरले.